गाणं शाळेने वाचवलं म्हणता, पण मुलं आधी नेली कोणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या शाळांत लोकगीतं कशी शिकवतात त्यावरचा लेख वाचला. लेख चांगला होता, फोटो तर मस्तच, चांदीचे दागिने घातलेल्या मुली रांगेत उभ्या राहून गातायत वगैरे. पण सगळा सूर असा की लोकगीतं मरायला टेकली होती, सरकारने ती शाळेत आणली आणि वाचवली, आपणही तस्संच करायला पाहिजे. इथे माझं जरा अडलं. मी स्वतः बरीच वर्षं शाळेत संगीत शिकवलंय, मिस्टरांच्या नोकरीमुळे मधली काही वर्षं ग्वांगझोऊला राहिले, तिथून गुईझोऊ प्रांतातल्या गावांत फिरले, म्हणून म्हटलं लिहावं. लांबलं तर काटछाट करा, माझी हरकत नाही.

तुमच्या लेखातल्या त्या मुली डोंग समाजाच्या. गुईझोऊच्या दक्षिण-पूर्वेला लीपिंग, त्सोंगजियांग, रोंगजियांग हे तालुके आहेत, डोंगरउतारावर भातशेती, लाकडी घरं, आणि गावाच्या मधोमध एक उंच लाकडी मनोरा, त्याला ढोल-मनोरा म्हणतात. 2014 च्या डिसेंबरात ग्वांगझोऊ ते गुईयांग फास्ट ट्रेन सुरू झाली तेव्हापासून तिथे जाणं एकदम सोपं झालं, आम्ही पण त्याच ट्रेनने गेलो. या लोकांचं सामूहिक गाणं म्हणजे चमत्कार आहे हो. ना वाद्य, ना हात हलवणारा कोणी, आणि तरी दोन-तीन वेगवेगळे आवाज एकाच वेळी चाललेले. आपल्याकडे शंभर जण गायले तरी एकच सूर धरून गातात, हे लोक मात्र पिढ्यानपिढ्या असं फोडून गातात. बहुतेक सगळ्याजणी खालचा आवाज धरून ठेवतात आणि एक-दोघी वर जातात. काही गाण्यांत चक्क रातकिड्यांसारख्या किरकिरणाऱ्या सिकाडांचा आवाज काढतात. 1986 मध्ये डोंग मुलींचा एक ग्रुप पॅरिसला गायला गेला तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की असं काही आहे, आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नाव आलं.

हे गाणं तिथे शिकवतात कसं ते मी संध्याकाळी मनोऱ्याखाली बघितलं. मध्ये शेकोटीचा खड्डा, भोवती लाकडी बाकं, एक आजी आणि सात-आठ मुली. आजींची नखं कापड रंगवून रंगवून निळी झालेली. त्या एक ओळ म्हणायच्या, मुली म्हणायच्या, परत तीच ओळ. कागद नाही, पेटी नाही, समजावून सांगणं तर अजिबात नाही. एक छोटी होती, सारखी वरच्या सुरात घुसायची, आवाज चांगला होता ना तिचा, मग राहवेना. आजींनी न थांबता, गाता गाताच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच खाली दाबला. बस. छोटी खाली आली. आणि श्वास! कोणीच एकदम श्वास घेत नाही, एक जण थांबली की शेजारची ओढून नेते, त्यामुळे आवाज कुठेच तुटत नाही. आता मी ही गोष्ट वर्गात शिकवायची म्हटलं तर फळ्यावर लिहीन, टाळ्या वाजवीन, एक-दोन-तीन म्हणीन आणि वाट लावीन.

तिथे पद्धत अशी की वयानुसार मुलामुलींचे गट असतात, प्रत्येक गटाला एक गाणं शिकवणारी किंवा शिकवणारा, आणि गट मोठा होईल तशी गाणीही मोठी होत जातात. लहानपणी खेळाची गाणी, मग लाजायच्या वयात मुलामुलींची समोरासमोरची गाणी, पुढे लांबलचक कथागीतं. डोंग भाषेला 1958 पर्यंत स्वतःची लिपीच नव्हती, म्हणजे पूर्वज कुठून आले, कोणाशी कसं वागायचं, शेती कधी करायची हे सगळं गाण्यातच. त्यांच्यात म्हणतात की भात शरीर पोसतो आणि गाणं मन पोसतं, आणि हे नुसतं टुरिस्टांच्या बोर्डावर लिहायचं वाक्य नव्हतं कधी.

मग हे मोडलं कशाने? लेखात एका ओळीत ‘आधुनिकीकरण’ असं म्हणून मोकळे झालात. खरंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तरुण माणसं ग्वांगडाँगच्या कारखान्यांत गेली, त्यात कोणाला दोष देणार, पैसा तिथे होता. आणि दुसरी म्हणजे खुद्द शाळा. 2001 पासून चीनने खेड्यापाड्यातल्या छोट्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळायला सुरुवात केली. मुलं कमी, शिक्षक कमी, एकत्र केल्या तर दर्जा सुधारेल असा हिशोब, आणि हिशोब अगदीच चुकीचा होता असंही नाही. 2012 मध्ये धोरण थांबवलं, पण तोपर्यंत दहा-बारा वर्षांत खेड्यातल्या प्राथमिक शाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. डोंगराळ भागात याचा अर्थ काय, तर सहा-सात वर्षांचं पोर सोमवारी तालुक्याच्या होस्टेलला जातं आणि शुक्रवारी परत येतं. मग मनोऱ्याखाली संध्याकाळी बसणार कोण? त्यात शाळेची भाषा मँडरिन, म्हणजे सरकारी चिनी. डोंग भाषेत नऊ-एक टोन आहेत, म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, शब्दाचा चढउतार आणि चालीचा चढउतार हातात हात घालून चालतात, ते गाणं मँडरिनमध्ये आणलं की काहीतरी सांडतंच.

म्हणजे ज्या शाळेने मुलं संध्याकाळची उचलून नेली तिलाच आता आठवड्याच्या एका तासात गाणं परत द्यायला सांगितलंय. शाळेने प्रयत्न करू नये असं मी म्हणत नाहीये, करायलाच पाहिजे, मुलं आता तिथेच आहेत ना. पण वाचवलं वाचवलं म्हणून आरती ओवाळायच्या आधी एवढं तरी लिहायला हवं होतं.

शाळा आणि लोकगीत यांचं चीनमधलं नातं पहिल्यापासूनच गमतीचं आहे. 1900 नंतर तिथे नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या तेव्हा गाण्याच्या तासाला लागणारी गाणी आली कुठून, तर जपानमधून आणि युरोप-अमेरिकेतून. चाल परकी, शब्द चिनी. ली शुतोंग यांचं 1915 चं निरोपाचं गाणं आजही चीनमध्ये लहानथोर सगळ्यांना पाठ असतं, डोळ्यांत पाणी येतं लोकांच्या, आणि चाल आहे एका अमेरिकन गाण्याची, जपानमार्गे आलेली! स्वरलिपीही तशीच, आकड्यांची, एक ते सात, वरच्या सप्तकाला आकड्यावर टिंब आणि खालच्याला खाली टिंब, मला तर भातखंड्यांचीच पद्धत आठवली, तिच्यातही टिंबं तशीच. ही आकड्यांची पद्धतही मूळची युरोपातली. आणि घरचं गाणं? ते अडाणी लोकांचं म्हणून बाहेर.

1918 मध्ये पीकिंग विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांना वाटलं की हे बरोबर नाही, त्यांनी देशभरातून लोकगीतं पाठवा म्हणून आवाहन केलं, 1922 मध्ये त्यासाठी खास साप्ताहिक काढलं. पण त्यांचं लक्ष मुख्यतः शब्दांवर. चाली गोळा करायचं मोठं काम पुढे येनानला, म्हणजे माओंच्या कम्युनिस्टांच्या तळावर झालं, 1939 पासून, लू शुन कला अकादमीतल्या संगीतकारांनी. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्याच वर्षी फेब्रुवारीत येनानला पोचले होते. म्हणजे आपली माणसं तिथे जखमींवर उपचार करत होती तेव्हाच ही मंडळी पिवळ्या मातीच्या टेकड्यांवर फिरून शेतकऱ्यांची, गाडीवाल्यांची गाणी उतरवून घेत होती. त्यांनी उतरवलं नसतं तर कितीतरी गेलं असतं, यात शंकाच नाही. पण उतरवता उतरवता शब्द बदलले. माओंचा गौरव करणारं ते जगप्रसिद्ध गाणं आहे ना, पूर्व दिशा लाल झाली वालं, त्याची चाल उत्तर शान्शीतली, आधी तिच्यावर प्रेमाचे शब्द होते. चाल ठेवायची, प्रेम काढायचं, देश घालायचा, ही सवय तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही असं माझं मत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तर जुन्या शब्दांनिशी गायचीही चोरी झाली.

सगळ्यात अवघड प्रकरण आहे ‘ह्वाअर’चं. हा गाण्याचा प्रकार गान्सू, छिंगहाय, निंगशिया या वायव्येच्या प्रांतांत चालतो, हान, हुई मुस्लिम, तिबेटी, सालार, तू, डोंगशियांग असे नऊ समाज तो गातात, तोही 2009 मध्येच युनेस्कोच्या यादीत गेला. याचा पहिला नियम असा की घरात गायचं नाही. आईवडिलांसमोर नाही, सासूसमोर नाही, गावातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर पडेल असं तर नाहीच. कारण यातलं बरंचसं उघडं प्रेम आहे, बाईने परपुरुषाला आणि पुरुषाने परक्या बाईला म्हटलेलं. म्हणून गायचं शेतात, घाटात, खेचरं हाकताना, आणि वर्षातून एकदा जत्रेत. ल्येनह्वा डोंगरावरची जत्रा चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात भरते, तिथे आधी गावकरी वाटेवर दोर आडवा धरतात आणि गाण्यातून प्रश्न टाकतात. तुम्ही तिथल्या तिथे रचून गाण्यातून उत्तर दिलंत तर दोर खाली, नाही दिलंत तर उभे रहा. वांग लुओबिन हे नाव काही वाचकांनी ऐकलं असेल, त्यांनी वायव्येच्या चाली घेऊन केलेली गाणी साऱ्या चीनमध्ये गाजली. त्यांची गोष्ट सांगतात की 1938 मध्ये पावसामुळे ल्यूपान डोंगराशी एका धर्मशाळेत अडकले होते, तिथली मालकीण ह्वाअर गायली आणि या शहरी, पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या माणसाने पुढचं आयुष्यच त्या मुलखात काढलं.

आता सांगा, हे गाणं सातवीच्या वर्गात कसं आणायचं? तिथल्या शाळांनी आणलंय. काय करतात, तर चाल तीच ठेवतात आणि शब्द घालतात गावच्या निसर्गाचे, अभ्यासाचे, मातृभूमीचे. मुलं छान गातात, पालक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ होतो. मला त्या शिक्षकांची अडचण समजते हो, मी पण शिक्षिकाच, पालकसभेत कोणी उठून विचारलं की बाई माझ्या मुलीला हे काय शिकवताय तर काय उत्तर देणार. पण मग खरं बोलावं, की आम्ही फक्त चाल शिकवतोय. या गाण्याचा जीव समोरच्याला तिथल्या तिथे रचून उत्तर देण्यात आहे, आणि ते तर प्रेमाला हात न लावताही शिकवता येईल! दोन मुलांना समोरासमोर उभं करा, एकाने विचारायचं, दुसऱ्याने चालीत उत्तर द्यायचं, चुकलं तर हसायचं. हे सोडून सगळ्यांना एकच छापील कडवं पाठ करायला लावलं तर उरलं काय.

आवाजाचंही तेच झालंय. कन्झर्व्हेटरीमध्ये म्हणजे मोठ्या संगीत विद्यापीठांत लोकगायनाचा वेगळा विभाग आहे, चिन थ्येलिन हे तिथले सर्वात नावाजलेले गुरू, 2022 मध्ये गेले. राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या पत्नी फंग लियुआन या त्यांच्याच शिष्या, मूळच्या लोकगीत गायिका, लग्नाच्या वेळी नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसिद्ध होत्या. या घराण्याने, घराणंच म्हणायला हवं, पाश्चात्त्य पद्धतीचा श्वास आणि चिनी उच्चार यांची सांगड घातली, आवाज काचेसारखा स्वच्छ आणि ताकदीचा. पण हजार जण गातात आणि आवाज एकच येतो अशी टीका खुद्द चीनमधलेच लोक करतात. शान्शीच्या टेकडीवरून पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारणारा चिरका, फाटका आवाज आणि यांगत्सेच्या खालच्या पाणथळ भागातला बारीक गोड आवाज, दोन्ही एकाच इस्त्रीखाली. 2006 मध्ये त्यांच्या सरकारी टीव्हीने तरुण गायकांच्या स्पर्धेत गावरान गायकीचा वेगळा विभाग केला तेव्हा लोक दचकलेच, अरे आपल्या देशात असे पण आवाज आहेत! माझ्या मते शाळेतल्या संगीत शिक्षकाचा खरा प्रॉब्लेम इथेच आहे. तो शिकतो कॉलेजात, पियानोवर, आणि मग गावात येऊन आजींची गाणी ‘सुधारून’ शिकवतो. आजी वर्गाच्या बाहेर बसून ऐकतात.

कागदावरचं काम मात्र त्यांनी जबरदस्त केलंय. 1979 ते 2009, तीस वर्षं, प्रांताप्रांतातली गाणी, नाटकं, वाद्यसंगीत, नाच, कथा असं सगळं गोळा करून त्याचे महाकाय खंड काढले, लोकगीतांचे खंड प्रांतवार. जाड जाड पुस्तकं आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त, तेही असंच डोंगराएवढं काम, आणि त्यात गाणाऱ्या बाईचं नाव-गाव-जात सगळं नोंदलेलं आहे. मात्र दोन्हीकडे प्रश्न तोच, की जातंच गेलं तर ओवी गायची कधी. यांगत्सेच्या वरच्या भागात, सिचुआन-चोंगचिंगकडे, नाव ओढणाऱ्या मजुरांची गाणी होती. खांद्याला दोर लावून प्रवाहाविरुद्ध नाव ओढायची, संथ पाण्यात चाल संथ, धारेला लागलं की ठोका चढतो, सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं नाही तर माणूस जायचा. मग वाफेची जहाजं आली, मोटारबोटी आल्या, धरणं झाली. बरं झालं, ते काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये. आपल्या बायकांनी पण पिठाची गिरणी आल्यावर जातं सोडलं ते आनंदानेच, त्यांना कोणी संस्कृतीच्या नावाने परत दळायला बसवू नये. पण मग वर्गात बाकावर बसून ते नावाड्यांचं गाणं शिकवायचं तर निदान एक दोर तरी आणा. बारा मुलांना ओढू द्या, दुसऱ्या टोकाला बारा मुलं लावा. ठोका का चढतो हे त्यांच्या पायांना कळू दे, नुसतं ‘जोशात म्हणा’ सांगून कळत नाही.

आता तुमच्या लेखातल्या त्या ‘आपणही असंच करावं’ बद्दल. चीनने 2011 मध्ये या वारशासाठी कायदाच केला, शाळांनी हे शिकवावं असं त्यात लिहिलंय. देशपातळीच्या यादीत ज्यांचं नाव आहे अशा परंपरा चालवणाऱ्या कलाकारांना वर्षाला 20,000 युआन मिळतात, म्हणजे आपले सव्वादोन-अडीच लाख. हे घ्यायचं असेल तर जरूर घ्या, आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधनासाठी किती खेटे घालावे लागतात ते सगळ्यांना माहितीये. पण त्या यादीत नाव लागतं थोड्यांचं, आणि मनोऱ्याखाली मला भेटलेल्या आजींसारख्या ज्या मुलींना खरोखर शिकवतात त्यांतल्या बहुतेकींच्या हातात काहीच नसतं. डोंग भागातल्या काही शाळांनी गावातल्या गाणाऱ्यांनाच वर्गात बोलवायला सुरुवात केली, तेही आजचं नाही, रोंगजियांगकडे 1980 च्या दशकापासून, युनेस्को वगैरेच्या कितीतरी आधी. मला विचाराल तर नक्कल करायचीच तर याची करा. आजींना शाळेत पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका, तासाचे पैसे द्या आणि संगीत शिक्षकाला मागच्या बाकावर बसवा शिकायला. पदवी विचारू नका. परीक्षा घेऊ नका, मार्क तर अजिबात देऊ नका, कारण मार्क आले की एकच बरोबर पाठ लागतो आणि तीन गावांतले तीन पाठ असतील तर दोन चुकीचे ठरतात. आणि सुट्टीत घरी जाणाऱ्या होस्टेलच्या मुलांना गृहपाठ म्हणून वहीत काही लिहायला न लावता घरातल्या कोणाकडून तरी एक गाणं आणायला सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं तरी चालेल.

मोबाईलला नावं ठेवू नका बरं का, लेखात ठेवलीत. ह्वाअर गाणारे लोक वुईचॅटच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या व्हॉट्सॲपच्या, ग्रुपवर रात्र रात्र सवालजवाब करतात, एक जण छिंगहायमध्ये, दुसरा दूर कुठल्यातरी शहरात बांधकामावर. घरात गायला बंदी होती ना, मग फोन घेऊन बाहेर जातात आणि गातात. शाळेने न शिकवता हे चाललंय. सरकारी अहवालात त्याचा उल्लेख येतो की नाही देव जाणे.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, डोंबिवली

ता.क. लेखाच्या चौकटीत मोगऱ्याचं ते प्रसिद्ध चिनी गाणं इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरातून चीनमध्ये आलं असं छापलंय. उलट आहे. ही चाल जॉन बॅरो नावाच्या इंग्रजाने 1804 मध्ये आपल्या चीनच्या प्रवासवर्णनात छापली होती, आणि पुच्चिनीचा तो ऑपेरा रंगमंचावर आला 1926 मध्ये, तोही त्याच्या मृत्यूनंतर. त्याने ती चाल ऐकली एका ओळखीच्या सरदाराकडच्या चिनी म्युझिक बॉक्सवर. शिवाय हे गाणं एक नाही, जिआंग्सूचं वेगळं, हबेईचं वेगळं, ईशान्येकडचं वेगळं, आपण ऐकतो ते जिआंग्सूचं. दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.